तालुक्याच्या गावी गायनाचा वर्ग चालवताना

घरी गायनाचा वर्ग सुरू करणारा शिक्षक प्रथम जागा, पेटी आणि फी यांचा विचार करतो. हे तिन्ही विषय महत्त्वाचे असले, तरी वर्ग टिकतो किंवा मोडतो तो वेगळ्याच कारणाने. विद्यार्थी आठवड्यातून दोन वेळा तासभर आपल्यासमोर बसतो आणि उरलेले पाच दिवस आपल्या नजरेआड असतो. त्या पाच दिवसांत त्याने घरी काय गायले आणि कसे गायले, यावर त्याची प्रगती अवलंबून असते. म्हणून वर्गाची आखणी करताना प्रत्येक निर्णय घरच्या रियाजाला धरून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे मांडलेल्या सूचना मराठवाड्यातील तालुक्याच्या किंवा लहान जिल्ह्याच्या ठिकाणी हिंदुस्थानी कंठसंगीत शिकवू इच्छिणाऱ्या शिक्षकासाठी आहेत. वाद्यांच्या शिक्षकालाही त्यांतल्या बऱ्याच गोष्टी लागू पडतील.

नवा विद्यार्थी आला की त्याला लगेच ‘सा’ लावायला सांगू नये. शाळेतली प्रार्थना, एखादे भजन, आवडते गाणे असे त्याला येत असलेले काहीही पेटीशिवाय गाऊ द्यावे आणि त्याचा आवाज आपोआप कोठे स्थिरावतो ते पेटीवर शोधावे. मग त्या स्वराला षड्ज (सा) मानून तो खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) आणि वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) ताण न देता पोहोचतो का, हे पाहावे. पोहोचत नसेल, तर पट्टी, म्हणजे षड्ज मानलेली पेटीवरची जागा, अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली-वर करून बघावी. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना साधारणपणे काळी चारच्या (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या सुराच्या) आसपासची पट्टी सोयीची पडते, प्रौढ स्त्रियांना काळी तीन ते काळी पाच आणि पुरुषांना काळी एक किंवा पांढरी दोन. परंतु हे अंदाज आहेत. एका घरातल्या दोन सख्ख्या बहिणींच्या पट्ट्यांतही दोन स्वरांचा फरक असू शकतो. निश्चित झालेली पट्टी वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहावी आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासावी.

वर्गाच्या तुकड्या पाडताना बहुतेक शिक्षक वय किंवा परीक्षेचे नाव पाहतात. मी त्याऐवजी पट्टी पाहण्याचा आग्रह धरीन. काळी चारच्या पाच मुलींमध्ये आवाज फुटू लागलेला एक मुलगा बसवला, तर तो एकतर ओरडेल किंवा ओठ हलवत गप्प बसेल, आणि दोन्ही प्रकारांत घरी जाऊन रियाज करण्यासारखे त्याच्या हाती काही लागणार नाही. एका तुकडीत चार ते सहा विद्यार्थी पुरेत. त्याहून अधिक घेतल्यास प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे ऐकायला वेळ उरत नाही.

आवाज फुटण्याच्या वयाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण याच टप्प्यावर अनेक चांगली मुले गाणे सोडतात. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलाचा आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो आणि मधले काही महिने तो कोठेच नीट ठरत नाही. या काळात गाणे बंद करण्याची गरज नाही, मात्र जुन्या पट्टीचा हट्ट पूर्णपणे सोडावा. जेवढे चार-पाच स्वर त्या आठवड्यात सहज लागतात तेवढ्यांतच हळू आवाजात गाऊ द्यावे आणि उरलेला वेळ ताल, स्वरलेखन व श्रवण यांना द्यावा. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना ही अवस्था तात्पुरती असल्याचे आधीच सांगून ठेवावे. न सांगितल्यास आपला आवाज गेला असे मूल स्वतःच ठरवून टाकते.

मराठवाड्यातील शिक्षकाकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक मोठा गट भजनी परंपरेतून येतो. पैठण, आपेगाव आणि नर्सी नामदेव ज्या भूमीत आहेत, तेथे गावोगावी भजनी मंडळे असणे स्वाभाविकच आहे. वडील किंवा आजोबा टाळकरी असलेल्या आणि सप्ताहात कीर्तनामागे उभे राहून चाली म्हणणाऱ्या मुलाची लय बहुधा पक्की असते. त्याला कित्येक अभंग तोंडपाठ असतात आणि चारचौघांत गाण्याची त्याला जराही भीती वाटत नाही. शहरी शिक्षकाला ज्या गोष्टी वर्षभर शिकवाव्या लागतात, त्या हा मुलगा घरून घेऊन येतो. त्याच्या अडचणी वेगळ्या असतात. त्याला उंच पट्टीत, टाळ-मृदंगाच्या वर आवाज चढवून गाण्याची सवय असते. तो समूहात आणि पेटीच्या आधाराने गात असल्यामुळे एकट्याचा स्वर नेमका कोठे लागतो हे त्याने कधी ऐकलेले नसते. कोमल आणि शुद्ध स्वरांतला फरक त्याच्या कानाला कळतो, पण त्याला तो वेगळा काढून दाखवता येत नाही, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तो अचूक घेतो पण मात्रा मोजून सांगू शकत नाही.

अशा विद्यार्थ्याला ‘भजनाने गळा बिघडतो, ते आधी बंद कर’ असे सांगणारे शिक्षक आहेत. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो पाळलाही जात नाही, कारण घरचे वातावरण भजनाचेच असते. त्याऐवजी त्याला येणारा एखादा अभंग निवडावा, शक्यतो भूप, भीमपलास किंवा मालकंस अशा ओळखीच्या रागाच्या छायेतल्या चालीचा. त्याची फक्त पहिली ओळ दोन-तीन स्वर खालच्या पट्टीत, निम्म्या लयीत आणि केवळ तानपुऱ्यावर म्हणायला लावावी. अनेकांना तो अभंग आपल्याला येतच नाही असे त्या वेळी प्रथमच वाटते. मग त्या ओळीची सरगम विद्यार्थ्याकडूनच काढून घ्यावी. पहिल्या खेपेला अर्धा तास गेला तरी चालेल, पण शिक्षकाने आयती सरगम सांगू नये. त्यानंतर भजनी ठेक्याच्या आठ मात्रा हाताने मोजत तीच ओळ म्हणवून घ्यावी, म्हणजे अंगात असलेला ताल डोक्यातही उतरतो. आठ मात्रांचा हा हिशेब पक्का झाला की सोळा मात्रांचा त्रिताल, त्यातील पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवरची टाळी आणि नवव्या मात्रेवरची ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) समजावणे सोपे जाते. घरी रियाज कर असे वेगळे बजावण्याची गरजही राहत नाही, कारण रात्रीच्या भजनात तो तीच ओळ गाणार असतो आणि आता ती कान देऊन गाणार असतो.

सप्ताहाच्या दिवसांत असा मुलगा सात दिवस गाऊन बसलेल्या घशाने वर्गात आला, तर त्याच्याकडून त्या दिवशी गाऊन घेऊ नये. ठेके, दुगुन (दुप्पट लय) आणि स्वरलेखन यांसाठी तो तास वापरावा. आवाजाचा घोगरेपणा दोन-तीन आठवडे तसाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. केवळ मध-हळदीवर विसंबू नये.

आता प्रत्यक्ष तासाकडे वळू. पहिली दहा मिनिटे तानपुऱ्यावर फक्त षड्ज, मग षड्ज-पंचम, मग मंद्र पंचमापर्यंत उतरून परत असे संथ गायन असावे. खरा तानपुरा असल्यास उत्तमच, पण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर किंवा मोबाईलमधील ॲपवर काम चालते. विद्यार्थ्याच्या घरीही तेच असणार, हा त्यातला फायदा आहे. पेटी या दहा मिनिटांत बंद ठेवावी. शिक्षक उजव्या हाताने प्रत्येक स्वर वाजवत राहिला, तर मूल पेटीच्या मागे गाते, स्वर स्वतः शोधत नाही. शिवाय पेटीची जुळणी बारा समान अंतरांची असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. हा फरक पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला सांगू नये, परंतु शिक्षकाने तो स्वतःच्या कानाने रोज ऐकावा.

त्यानंतर अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने म्हणायचे स्वरसमूह, घ्यावेत. कमी अलंकार, कमी लय आणि हाताने टाळी देत गायन हे सूत्र पाळावे. अनेक वर्गांत सरगमेचे पलटे इतक्या वेगाने म्हणवले जातात की मुलांना त्यांचा क्रम पाठ होतो, पण स्वर लागत नाहीत. प्रत्येक अलंकार आधी सरगमेत आणि मग आकारात (केवळ ‘आ’ म्हणत) म्हणवून घ्यावा, कारण कच्चे स्वर आकारात लगेच उघडे पडतात. अलंकार शिकवताना चालू रागाचेच स्वर वापरणे सोयीचे असते. भूप चालू असेल, तर सारेग, रेगप, गपध, पधसां असा अलंकार एकाच वेळी गळ्याचाही व्यायाम होतो आणि रागाचाही.

तासाचा मधला, सर्वांत मोठा भाग मागचा पाठ ऐकण्यासाठी राखावा आणि तो एकेकाकडून स्वतंत्रपणे ऐकावा. पाच दिवसांत घरी काय झाले ते शिक्षकाला येथेच कळते. पाठ कच्चा असल्यास रागावण्यापेक्षा घरी नेमके कोणत्या वेळी, कोठे बसून आणि कशाच्या आधाराने गायले, हे विचारावे. उत्तरातून बहुतेक वेळा आळसाऐवजी एखादी साधी अडचण निघते. फोन वडिलांकडे असतो, ते रात्री उशिरा येतात, समोरच्या खोलीत टीव्ही चालू असतो, किंवा संध्याकाळी नेमकी वीज जाते. यातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय आहे, पण तो शिक्षकाने सुचवावा लागतो. नवा पाठ शेवटच्या पंधरा मिनिटांतच द्यावा आणि तो घरी कोणाच्या मदतीशिवाय आठवेल एवढाच लहान असावा. बंदिशीची एक ओळ एका आठवड्याला पुष्कळ झाली.

सर्वांत शेवटी ध्वनिमुद्रण करावे, आणि त्यात कधीही खंड पडू देऊ नये. त्या दिवसाचा पाठ शिक्षकाने स्वतःच्या आवाजात, त्या तुकडीच्या पट्टीत तानपुऱ्यासह गाऊन व्हॉट्सॲपवर पाठवावा. मुद्रण तीन-चार मिनिटांचेच असावे. प्रत्येक तुकडा एकदा गाऊन तेवढीच जागा रिकामी सोडावी, म्हणजे विद्यार्थ्याला त्या जागेत उत्तर देता येते. सलग गायलेले मुद्रण मुले केवळ ऐकतात, तर जागा सोडलेले मुद्रण त्यांना गायला लावते. पुरुष शिक्षकाला मुलांची पट्टी उंच पडत असेल, तर त्याने एक सप्तक खाली न गाता एखाद्या तयार विद्यार्थिनीकडून मुद्रण करून घ्यावे. सुरुवातीची मुले खालच्या सप्तकातला स्वर ऐकून गोंधळतात.

आईवडिलांना गाणे येत नसले, तरी त्यांना करण्यासारखे काम आहे. मूल तानपुरा लावून बसते का, हाताची टाळी मध्येच थांबते का आणि मानेच्या शिरा ताणून गाते का, या तीनच गोष्टी त्यांनी पाहाव्यात, असे पहिल्या भेटीत सांगावे. सूर बरोबर आहे की नाही हे त्यांनी ठरवू नये. वेळ रोज वीस मिनिटे पुरते. शेतकरी कुटुंबात घर पहाटेच जागे होत असल्यामुळे शाळेआधीची वेळ अनेकदा रिकामी सापडते. वीज जाण्याचा प्रश्न असलेल्या गावात विद्युत उपकरणापेक्षा चार्ज केलेला फोन अधिक भरवशाचा ठरतो.

स्वरलेखनाची एकच पद्धत निवडावी आणि ती वहीत कटाक्षाने पाळावी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते, समेला गुणाकाराचे आणि खालीला शून्याचे चिन्ह असते. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिक चिन्ह वापरतात. बाजारातल्या पुस्तकांत दोन्ही पद्धती आढळत असल्यामुळे घरी पुस्तक उघडून बसलेले मूल गोंधळू शकते, याची कल्पना द्यावी.

पहिल्या वर्षाच्या रागांत भूप आणि दुर्गा जोडीने शिकवावेत. दोन्हींत पाच शुद्ध स्वर आहेत. भूपात मध्यम-निषाद नाहीत, तर दुर्गात गंधार-निषाद नाहीत, आणि एवढ्या फरकाने रागाचे रूप कसे पालटते, हे लहान मुलालाही ऐकून कळते. पुढे तीव्र मध्यमासाठी यमन, कोमल निषादासाठी खमाज आणि कोमल गंधारासाठी काफी हा क्रम मला सोपा वाटतो. श्रवणासाठी जवळचे नमुने अवश्य द्यावेत. नांदेडला जन्मलेले आणि औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) राहून अनेकांना घडवून गेलेले पं. नाथराव नेरळकर यांच्यासारख्या गायकाचे गाणे ऐकताना हे सारे दूरच्या शहरांतच घडते, हा मुलांचा समज सहज जातो.

परीक्षांविषयी पालक पहिल्याच दिवशी विचारतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे सर्वाधिक परिचित आहेत. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाची परंपरा पुढे चालवणारे हे मंडळ १९३१ मध्ये स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी या परीक्षांची चढण असून त्या एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. मराठवाड्यात शक्यतो हिवाळ्याचे सत्र निवडावे, कारण उन्हाळ्याच्या सत्राची तयारी शालेय परीक्षा आणि चाळिशीपार गेलेला पारा यांच्यात सापडते. दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. तिच्या अटी मात्र चालू वर्षाच्या शासकीय सूचनेतूनच पाहाव्यात. केवळ या गुणांसाठी आलेल्या विद्यार्थ्याला नाकारण्याचे कारण नाही, पण दरवर्षी एक परीक्षा असे वचन पालकांना देऊ नये. परीक्षेच्या चार बंदिशी वर्षभर घोटलेला मुलगा पाचवी बंदिश स्वतः बसवू शकत नसेल, तर त्याच्या प्रमाणपत्राने पालक सुखावतात, एवढेच.

वाद्यांची काळजी येथील हवामानानुसार घ्यावी. मे महिन्यातल्या कोरड्या उष्णतेत तबल्याचा स्वर चढतो, तर पावसाळी दमट हवेत उतरतो. म्हणून तबला तासाआधी मिळवून ठेवावा आणि वाद्ये पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ठेवू नयेत. पेटीचा भाता आणि आतल्या स्वरपट्ट्या यांत धूळ जाऊ नये यासाठी कापडी खोळ पुरेशी आहे.

फीचा विषय स्पष्टपणे, शक्य तर लेखी ठरवावा. नोकरदार पालकांकडून दरमहा फी घेणे सोपे असते, परंतु शेतीवर अवलंबून असलेल्या घरात पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर येतो. अशा पालकांना दिवाळीनंतर सहा महिन्यांची एकरकमी फी देण्याची मुभा ठेवल्यास थकबाकीचा संकोच टळतो. थकबाकीच्या संकोचाने मुलाला वर्गात न पाठवणारी घरे फी बुडवणाऱ्या घरांपेक्षा अधिक असतात, असा माझा अनुभव आहे. ऊसतोडीसाठी कुटुंबासह जाणाऱ्या मुलांची नावे पटावरून काढू नयेत. त्यांना मुद्रणे पाठवत राहावे आणि परतल्यावर तेथूनच पुढे शिकवावे. एखाद्याला फी माफ करायची असल्यास ते इतर विद्यार्थ्यांना कळू देऊ नये.

वर्गाची खोली समोरची, रस्त्यावरून दिसणारी असावी आणि तास चालू असताना दार उघडे असावे. लहान मुलांच्या आणि मुलींच्या तासाला पालकांना बसण्याची मुभा असावी. श्वास किंवा बैठक शिकवताना विद्यार्थ्याला स्पर्श न करता स्वतःवर दाखवून शिकवता येते, आणि तसेच शिकवावे.

नवव्या इयत्तेपासून शिकवण्यांचे वेळापत्रक गाण्यावर कुरघोडी करते. लातूरच्या बाजूला तर हे अधिकच जाणवते. त्या वेळी पालकांशी वाद घालू नये. दोन तासांऐवजी रविवारचा एकच तास आणि रोजची दहा मिनिटे असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवावा. तोही शक्य नसल्यास विद्यार्थ्याला निरोप देताना त्याच्या सध्याच्या पट्टीत केलेली पाच-सहा मुद्रणे, त्याची पूर्ण भरलेली वही आणि कोणत्या पाठापासून पुन्हा सुरुवात करायची याची स्पष्ट नोंद द्यावी. पुढच्या शिक्षणासाठी तो छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा अन्य शहरात जाणार असेल, तर तेथील गुरूंसाठी त्याची पट्टी, झालेले राग आणि आवाजाच्या अडचणी लिहिलेले एक पत्र त्याच वहीत ठेवावे.